त्रेसष्टपर्यंत थांबू

१२ जानेवारी

लेकीने ही वही दिली. रफूला आलेल्या कपड्यांची नोंद ठेव म्हणाली, कुणाचा कोट कधी द्यायचा ते तू विसरतेस. मी काही विसरत नाही. पण वही चांगली आहे, कागद जाड आहे, तेव्हा ती कोटांवर वाया घालवायची नाही असं ठरवलं.

आजची बातमी एकच. ह्यांच्या बस डेपोतून पत्र आलं. मार्चमध्ये साठ पूर्ण होतात. सरकारी पेन्शन आत्तापासून घ्यायची, की नोकरी वाढवून त्रेसष्टला घ्यायची, ते पंधरा मार्चच्या आत लेखी कळवा. एकदा कळवलं की बदलता येणार नाही. पत्र हातात धरून हे जरा वेळ बसले आणि मग मला म्हणाले, तूच वाच. मी वाचून दाखवलं. "घेऊन टाकू आत्ताच," म्हणाले. भाजीवाल्याकडची शेवटची जुडी उचलावी इतक्या सहज.

मी म्हटलं, आधी चौकशी तर करू.

२० जानेवारी

पेन्शन कचेरीत जाऊन आलो. तिथल्या बाईंच्या डोळ्यांवर एक चष्मा आणि डोक्यावर दुसरा. समजावून सांगायची हातोटी मात्र चांगली. आत्ता घेतली तर थोडकी मिळेल. तीन वर्षं थांबलात तर जवळजवळ दीडपट. आणि नवरा आधी गेला तर बायकोला त्याच्या पेन्शनचा अर्धा वाटा, ती जगेल तोवर.

हे शेवटचं वाक्य मी त्यांना पुन्हा सांगायला लावलं.

येताना हे गंमत करत होते. मी अजून धडधाकट चालतोय आणि तू माझ्यामागचा विचार करतेस, म्हणाले. मला हसू आलं नाही. माझ्या वडिलांनी लवकर घेतली होती. किती खूश होते. गळ घेतला, तळ्यावर जायला लागले. चौदा महिन्यांत गेले. आई त्यानंतर सत्तावीस वर्षं जगली, थोडक्याच्या अर्ध्यावर. लोकांचे जिने पुसले तिने. तिचे गुडघे मी पाहिलेत. हे ह्यांना माहीत आहे, तरी मी परत सांगितलं.

९ फेब्रुवारी

ह्यांची सुट्टी होती. केस कापायला म्हणून गेले ते दुपारभर बाहेर. आले तर केस जेमतेम कापलेले. एवढा वेळ काय केलंत विचारलं तर म्हणाले, गर्दी होती. मी वकिलीणबाईंच्या काळ्या कोटाच्या कोपराला रफू करत होते. काळ्यावर काळा धागा म्हणजे डोळ्यांची परीक्षाच. ह्यांनी मागे उभं राहून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, तुझे डोळे छान आहेत. ह्या वयात नवरा असं बोलायला लागला की समजावं, काहीतरी हवंय. विचारलं, काय हवंय? म्हणाले, काही नाही.

२६ फेब्रुवारी

भांडण झालं. म्हणजे मी भांडले. हे भांडत नाहीत, नुसते ऐकून घेतात.

"थोडकी तर थोडकी," हे म्हणाले. "तुझं रफूचं काम आहे. घरभाडं नाही. दोघांना लागतं किती?"

"आणि मी एकटी राहिले तर?"

मी पुन्हा आईच्या गुडघ्यांचा विषय काढला. हे म्हणाले, "अजून तीन वर्षं गाडी चालवायची म्हणजे..." आणि तिथेच थांबले.

"म्हणजे काय? चौतीस वर्षं चालवलीत."

"तेच ना," म्हणाले.

कंटाळलेत, दुसरं काय. कंटाळा कुणाला येत नाही? मलाही सुईचा येतो.

१४ मार्च

सही केली. त्रेसष्टपर्यंत. "सही कुठे करायची तिथे बोट ठेव," म्हणाले. रुसलेल्या मुलासारखं. मी बोट ठेवलं. सही ओळीच्या खाली उतरली, पण बाईंनी चालेल म्हटलं.

आज मला कित्येक वर्षांनी हलकं वाटतंय. आई असती तर तिला सांगितलं असतं.

१९ एप्रिल

डेपोतली वार्षिक तपासणी झाली. रक्तदाब ठीक. समोरच्या फळ्यावरची अक्षरं शेवटच्या ओळीपर्यंत वाचली, शेरा 'उत्तम'. मी म्हटलं, बघा, उगाच म्हातारपणाचं सोंग आणत होता. हे हसले. तो कागद मी कपाटात ठेवला, हे मात्र त्याच्याकडे बघायलाही तयार नाहीत.

११ मे

ह्यांच्या गाडीचा कंडक्टर आला होता. त्याला सगळे घंटी म्हणतात, कारण तो बोलायला लागला की थांबत नाही. वीस वर्षं एकाच गाडीवर आहेत दोघं. हल्ली म्हणे तो मागच्या दाराशी न थांबता पुढे, ह्यांच्या शेजारी डावीकडच्या दारात उभा असतो. तिकिटं उशिरा निघतात म्हणून प्रवासी कुरकुरतात. मी म्हटलं, भाऊजी, गप्पा मारायला उभे राहता की काय? तो ह्यांच्याकडे बघून म्हणाला, "वहिनी, दोघांनी मिळून गाडी चालवली की बरी चालते." मोठाच विनोद झाल्यासारखा हसला. हे हसले नाहीत.

२ जुलै

ह्यांच्या डाव्या दंडावर निळं झालंय. दाराच्या चौकटीला लागलं म्हणे. ह्या घरात आम्ही तीस वर्षं राहतोय, चौकट काही हलली नाही. वेंधळेपणा वाढलाय. परवा चहा कपाबाहेर ओतला.

एक मात्र चांगलं झालंय. संध्याकाळी पेपर मी मोठ्याने वाचते आणि हे ऐकतात. तुझा आवाज ऐकायला बरं वाटतं म्हणतात. लग्नानंतर पहिल्या वर्षी असं बसायचो. लेकीला फोनवर सांगितलं तर तिने चिडवलं.

२३ ऑगस्ट

आज हे म्हणाले, गॅरेजमध्ये एक जागा आहे, सुट्या भागांच्या खिडकीवर. बसून काम. मागू का?

मी विचारलं, पगार? कमी. आणि पेन्शन शेवटच्या पगारावरून ठरते. म्हणजे थांबलो ते कशासाठी? हे सगळं मी शांतपणे बोलले, अजिबात ओरडले नाही.

"बरं," म्हणाले.

नंतर भांडी विसळली, बूट पुसले, सकाळच्या पाळीची पिशवी भरली. अगदी नेहमीसारखं.

३० ऑक्टोबर

अकरा कोट, चार शाली. बोटं सुजलीत. हे गप्प गप्प असतात. विचारावं म्हटलं, पण कामात राहून गेलं.

१९ नोव्हेंबर

रात्रीचे दोन वाजलेत. तरी लिहिते.

संध्याकाळी साडेसहाला जुन्या दवाखान्याच्या कोपऱ्यावर ह्यांनी गाडी डावीकडे वळवली. सायकलवर टपालवाली होती. शेवटची पत्रं टाकून घरी निघालेली. मागचं चाक तिच्या पायावरून गेलं. ती जिवंत आहे. घंटी आज गाडीवर नव्हता, तापाने घरी होता. बदली कंडक्टर मागच्या दाराशी उभा होता. कंडक्टर उभे राहतात तिथेच.

हे रात्री आठला पोलीस चौकीतून आले. जेवले नाहीत. "मला दिसलीच नाही," एवढंच म्हणाले. मी म्हटलं, अंधार पडला होता. हे म्हणाले, दिवे होते.

२२ नोव्हेंबर

टपालवालीचा पाय गुडघ्याखाली काढला. ती एकतीस वर्षांची आहे. आमच्या लेकीपेक्षा दोन वर्षांनी मोठी.

पोलिसांच्या कागदावर आलंय की सायकल अचानक मध्ये आली. चूक तिची. मी वाचून दाखवलं तेव्हा मला बरं वाटलं होतं, हे खोटं कशाला सांगू. ह्यांनी कागद माझ्या हातातून घेऊन उलटा ठेवला.

२८ नोव्हेंबर

ह्यांचा गणवेश धुवायला काढला. आतल्या खिशात डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली आणि घडी घातलेला कागद. डोळ्यांच्या डॉक्टरांचा. काचबिंदू. समोरची नजर शाबूत, पण वाचताना ओळ सुटते, डाव्या डोळ्याची कडेची नजर जवळजवळ गेलेली, उजव्याची कमी होत चाललेली. वाहन चालवू नये. खाली तारीख, ९ फेब्रुवारी.

वहीची पानं उलटून बघितली. त्या दिवशी मी काय लिहिलंय ते वाचलं. केस कापायला गेले होते म्हणे.

पुढची सगळी पानं वाचली. चौकट, चहा, पेपर, सहीसाठी बोट. सगळं माझ्याच अक्षरात आहे. लिहीत मीच होते.

कागद त्यांच्यासमोर ठेवला. मी विचारलं, का नाही सांगितलंत? 

"सांगायला आलो होतो," म्हणाले. "तू पुन्हा आईच्या गुडघ्यांचा विषय काढलास."

५ डिसेंबर

दोन चष्म्यांच्या बाईंकडे एकटीच गेले. ओळखीतल्या कुणाचं तरी म्हणून विचारलं. डोळ्यांमुळे ड्रायव्हरला गाडी चालवणं जमेनासं झालं तर? त्यांनी नियमांचं पुस्तक उघडलं. डॉक्टरांचा कागद वेळेत दिला तर कामास अपात्र म्हणून नोकरी थांबते आणि पेन्शन पूर्ण मिळते. त्रेसष्टला मिळाली असती तेवढीच. थांबावं लागत नाही.

"आणि बायकोचा वाटा?"

"तोही पूर्ण पेन्शनच्या अर्धा."

मग त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. ओळखलं असावं. "तुम्ही जानेवारीत आला होतात ना? तेव्हा का नाही विचारलंत?" म्हणाल्या. टोमणा नव्हता, खरंच विचारत होत्या. मी जिन्यावर बसून राहिले. लोक बाजूने चढत-उतरत होते.

घरी येऊन ह्यांना सांगितलं नाही. मग रात्री झोपताना सांगितलं. न सांगण्याने आमच्या घरात आधीच पुरेसं नुकसान झालंय. ऐकून त्यांनी फक्त डोळे मिटले.

१७ डिसेंबर

घंटी आला. आज कमी बोलला. फेब्रुवारीत डेपोत चौकशी आहे. त्याचं म्हणणं, नजर एकदम गेली, आधी काही कळलं नव्हतं, एवढंच सांगायचं. डेपोच्या तपासणीचा 'उत्तम' आहेच. मग आत्ताची थोडकी पेन्शन तरी हातात राहील, माझा वाटाही राहील. खरं सांगितलं तर सगळं जाईल, वर खटला. डॉक्टरांचा कागद जाळून टाका म्हणाला.

मग मान खाली घालून म्हणाला, "वहिनी, मी डावीकडचं सांगत होतो त्यांना. एवढे सगळे महिने. मला वाटलं, तीन वर्षं निभावून नेऊ. एक दिवस मी नव्हतो."

तो गेल्यावर हे म्हणाले, तू सांगशील तसं. आणि मी लगेच म्हणाले की घंटीचं बरोबर आहे. इतक्या पटकन की माझं मलाच ऐकू आलं. कागद मात्र जाळला नाही. सुयांच्या डब्याखाली ठेवलाय.

८ जानेवारी

टपालवालीच्या घरी गेले. दार तिच्या आईने उघडलं. मी कोण ते सांगितलं. त्यांनी ओरडावं, काही बोलावं, असं वाटत होतं. त्यांनी हळूच दार लावून घेतलं.

चूक सायकलवालीची ठरली म्हणून डेपो भरपाई देणार नाही, आणि फिरतीचं काम होतं म्हणून टपालखातं तिला ठेवणार नाही. हे मला खालच्या किराणावाल्याकडून कळलं. तो मला ओळखत नव्हता, म्हणून सगळं बोलला.

२३ जानेवारी

पुन्हा गेले. ह्या वेळी टपालवालीनेच आईला सांगितलं, येऊ दे.

पुढच्या खोलीत पलंगावर बसली होती, पाठीला उशा. भिंतीला कुबड्या. पलीकडे तिची टपालाची पिशवी खिळ्याला टांगलेली, रिकामी. माझ्या मनात बोलायचं सगळं ठरलं होतं. ते राहिलं बाजूला. मी सांगितलं की ह्यांना नोकरी सोडायची होती, मी सोडू दिली नाही. पेन्शनसाठी.

तिने मान हलवली. ते तिच्या कामाचं नसावं. तिला दुसरंच विचारायचं होतं.

"त्यांनी माझ्याकडे बघितलं होतं," ती म्हणाली. "मी हात केला. ते माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, बघितलंय, थांबतील. म्हणून मी पुढे आले. मग कागदावर कसं लिहिलं की मी मध्ये घुसले? मी रोज स्वतःशी तेच बोलते. माझं चुकलं का? मी नीट बघितलं नाही का?"

तिच्या आईने म्हटलं, पुरे आता. पण ती माझ्याकडे बघत राहिली. उत्तर हवं होतं तिला. ते माझ्या डब्याखाली होतं.

"तुमचं चुकलं नाही," मी म्हटलं.

"तुम्हाला काय माहीत?"

मी उठून आले.

२४ जानेवारी

सकाळी चहा झाल्यावर ह्यांना सांगितलं. तिने हात केला होता. तुम्ही तिच्याकडे बघत होता असं तिला वाटलं. ती अजून स्वतःलाच दोष देते.

ह्यांनी रिकामा कप बाजूला सारला. "त्या बाजूला मला सगळं धूसर होतं," म्हणाले. "मी तिकडे बघितलं, ते सवयीने. चौतीस वर्षांची सवय."

मी सुयांचा डबा उचलून खालचा कागद त्यांच्या हातात दिला.  त्यांनी तो घडी न उलगडताच ओळखला. मग मला विचारलं, "तुझं काय होईल, माहीत आहे ना?"

मी म्हटलं, माहीत आहे. खरं सांगायचं तर त्या क्षणीही माझ्या मनात आलं की ह्यांनी नको म्हणावं, कागद परत द्यावा. त्यांनी तो खिशात ठेवला.

३ फेब्रुवारी

चौकशी झाली. मला बाहेर बाकावर बसवलं होतं. दार पातळ होतं. ह्यांनी एका दमात सगळं सांगितलं. नजर कधीपासून कमी होती, डॉक्टरांकडे कधी गेलो, काय निदान झालं. टपालवाली नियमाने येत होती, मलाच दिसलं नाही. साहेबांनी विचारलं, हे आणखी कुणाला माहीत होतं? "कुणाला नाही," म्हणाले. घंटी माझ्या शेजारीच बसला होता. त्याने तोंडावर रुमाल धरला.

साहेबांनी पुन्हा विचारलं, घरी? बायकोला?

"तिला मी कळू दिलं नाही," म्हणाले.

ते खरंच आहे. तरी मला आत जाऊन सांगावंसं वाटलं की हे एवढंच नाही, कळण्यासारखं सगळं माझ्यासमोर होतं. मी उठले नाही.

१२ मार्च

पत्र आलं. जेवणं आटोपल्यावर मी वाचून दाखवलं, एकही ओळ न गाळता. पेन्शन जेवढी मिळायची होती तिच्या एक तृतीयांश राहील. पत्नीचा वाटा रद्द. खटला वेगळा चालेल, वकील म्हणतात वय बघता दंडावर भागेल. टपालवालीचा दोष काढून टाकला आहे. तिला भरपाई मिळेल, आणि टपालखात्याने तिला खिडकीवरचं काम दिलं आहे. तिच्याकडून काही निरोप आला नाही. का यावा?

हे म्हणाले, तिची ओळ परत वाच. मी वाचली. मग म्हणाले, आता तुझी वाच. मी तीही वाचली. "घेऊन टाकू म्हणालो तेव्हा जोरात म्हणायला हवं होतं," हे म्हणाले. मी म्हटलं, जोरात म्हटलं असतंत तर मी आणखी जोरात बोलले असते.  एवढं साधं भांडण आम्ही केलं नाही.

१६ मार्च

आज ह्यांना एकसष्ट पूर्ण झाली असती, म्हणजे झालीच, मी काय लिहितेय. लेक येऊन गेली. ती गेल्यावर हे म्हणाले, जरा चालून येऊ. नोव्हेंबरपासून घराबाहेर फिरायला म्हणून पडलेच नव्हते.

त्यांनी माझा दंड धरला. रस्त्यात विचारायला लागले, डावीकडे काय आहे? मी सांगत गेले. न्हाव्याची खुर्ची बाहेर काढलीय. एक बाई चादर वाळत घालतेय. मांजर आहे, पायरीवर, पिवळं. हे म्हणाले, ह्या रस्त्यावरून मी इतकी वर्षं गेलो, एवढं सगळं आहे का इथे? उन्हं चांगली होती. मला वाटलं, हे असं फिरायला वर्षभरापूर्वीच सुरुवात करता आली असती. थोडक्या पेन्शनमध्ये. 

कसे कोण जाणे, चालत चालत जुन्या दवाखान्याच्या कोपऱ्यापर्यंत आलो. मला परत वळायचं होतं, पण त्यांना पायाखालच्या चढावरूनच कळलं. थांबले.

"डावीकडे?" हे म्हणाले.

मी नीट बघितलं. पुन्हा एकदा बघितलं.

"कुणी नाही," मी म्हटलं.

तरी बराच वेळ त्यांनी पाऊल उचललं नाही.